लांबी भरलेला हिरा

मोरेश्वर घाऱ्यांचा जगात कशावरच विश्वास नव्हता, असं म्हटलं तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांचा भेगांवर विश्वास होता. वस्तू आहे म्हणजे तिच्यात कुठेतरी भेग असणार, आणि भेग दिसली नाही तर ती कोणीतरी बुजवलेली असणार, ही त्यांची श्रद्धा. या श्रद्धेवरच त्यांचं पोट चालत होतं. साजगावच्या एका पंपाच्या कारखान्यात बाहेरून ओतून आलेला लोखंडी माल तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. ठेकेदार भेगेत लांबीचा लगदा भरत, वरून काळा रंग फासत आणि नुकतंच बारसं झालेल्या बाळासारखा चेहरा करून उभे राहत. घारे खिशातला खिळा काढून ती लांबी उकरत, मालावर लाल रंगाची फुली मारत आणि त्या दिवशी घरी एक भाकरी जास्त खात.

आता ही सवय कारखान्याच्या फाटकापाशी ठेवून घरी यावं, तर ते त्यांना जमत नसे. माठ वाजवून घेत, तो सगळेच घेतात. पण घारे नारळ वाजवून घेत, कपबशी वाजवून घेत, आणि एकदा देव्हाऱ्यातली नवी घंटा त्यांनी आरतीसाठी नव्हे तर तपासणीसाठी वाजवली होती. लेकीला, मैनेला, बघायला कर्जतचा मुलगा आला, तेव्हा घाऱ्यांनी शाबासकी दिल्यासारखं करून त्याच्या पाठीवर बोटाच्या पेरानं हळूच टकटक केलं. "आवाज भरीव आहे," असं ते रात्री बायकोला म्हणाले, आणि लग्न ठरलं.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यातली. खोपोलीला घाऱ्यांच्या घरी लग्नाची तयारी चालली होती, आणि हिराबाई तांदूळ निवडता निवडता एकदम म्हणाल्या,

"लग्नात मला हिऱ्याची चमकी पायजे."

घारे दचकले. हिराबाई कडाव या खेड्यातल्या. संसारात त्यांनी आजवर तोंड उघडून मागितलेली वस्तू म्हणजे नारळ खवायची विळी, आणि तीही जुनीचा दांडा निखळला म्हणून.

"हिऱ्याची?"

"बापानं नाव हिरा ठेवलंन. आता जावई यायची येळ झाली, नि नाकात अजून काचेचा खडाच हाय. एकदा खरा घालून मिरवीन म्हंते."

घारे सोनाराकडे गेले. ऐपतीत बसणारा हिरा सोनारानं दाखवला तो चिमट्यात असूनही दिसेना. "नाकात घातल्यावर शेजारणीला सांगावं लागेल, की घातलाय म्हणून," सोनार प्रामाणिकपणे म्हणाला. त्याहून मोठा होता त्याच्या पोटात काळे ठिपके होते. आणि त्याहून चांगला होता तो बघायला घारे थांबलेच नाहीत.

मग झहीर भेटला. झहीरचं कर्जतच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. घाऱ्यांचं घड्याळ तोच सांभाळत असे, आणि घारे दर वेळी ते घड्याळ दुकानातल्या सगळ्या घड्याळांशी ताडून मगच मनगटावर चढवत. झहीरचा मेहुणा अली मुंबईत हिऱ्यांच्या एका दलालाकडे कामाला होता. चमकीची गोष्ट कानावर गेल्यावर झहीरनं पुढल्या खेपेला ड्रॉवरमधून कागदाची एक बारीक पुडी काढली आणि उघडण्याआधी तिच्यावर हात ठेवला.

"घारेसाहेब, आधी ऐका, मग बघा. हिरा खरा हाय. पण याच्या पोटात चीर होती. परदेशात आता नवीन निघालंय, चिरीत काचेसारखं कायतरी भरतात. मग ती डोळ्याला दिसत नाय. म्हणून तर आपल्यासारख्याला परवडतो. एकच, सोनाराला सांगायचं, याला आगीजवळ नेऊ नको. ताव लागला का भरलेलं बाहेर येतं."

पुडी उघडली. मसुराच्या दाण्याएवढा खडा, आणि दुकानातला सगळा उजेड जणू त्याच्यावरच येऊन बसला.

"म्हणजे लांबी भरलीय," घारे म्हणाले.

झहीरनं जरा विचार केला. "हां. तसंच म्हणा."

इथे दुसरा कोणी खूश झाला असता. घाऱ्यांच्या अंगावर काटा आला. एवढ्या वर्षांत एकाही ठेकेदारानं लांबी कबूल केली नव्हती. खिळ्यानं उकरून हातात दिली, तरी "ही लांबी नव्हे साहेब, हवेतला ओलावा आहे," असं सांगणारे ते लोक! आणि हा माणूस न विचारता सांगतो? ज्या अर्थी हा लांबीची कबुली देतो, त्या अर्थी लांबीहून मोठं काहीतरी झाकायचं असलं पाहिजे.

"घरी न्या," झहीर पुढे म्हणाला. "वैनींना दाखवा. पटला तर बोलू."

"अनामत?"

"कशाला? तुम्ही काय पळून जाताव?"

घारे पुडी घेऊन बाहेर पडले ते पाय ओढतच. हिरा आणि तोही अनामतीशिवाय! चोरीचा असेल काय?

घरी हिराबाईंनी हात पदराला पुसले, खडा तळहातावर घेतला, उंबऱ्यापाशी जाऊन उजेडात पाहिला आणि म्हणाल्या, "चांगला हाय. घेऊ या." त्यांचा निर्णय तिथे संपला. घाऱ्यांचा तिथून सुरू झाला.

"घेऊ या काय? तपासायला नको?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खिडकीत उभे राहून खड्यावर तोंडाची वाफ सोडत होते. खऱ्या हिऱ्यावर वाफ टिकत नाही, असं कारखान्यात कोणीतरी सांगितलं होतं. टिकत नाही म्हणजे किती वेळ टिकत नाही, ते मात्र सांगितलं नव्हतं. तेवढ्यात कडावहून दूध घेऊन येणारा नागू दारात उभा राहिला.

"काय साहेब, खडा गरम हाय का? फुकताव ते?"

घाऱ्यांनी मूठ मिटली, पण उशीर झाला होता. नागूनं किटली खाली ठेवली आणि तो गंभीर झाला. "हिरा काय? मंग दुधात टाका. खरा आसंल तं दुधाला निळी झाक येते. आमच्या आज्याला पक्कं ठावं व्हतं."

"तुझ्या आज्याकडे हिरा होता?"

"नाय. दूध व्हतं."

घारे वाटीत नागूचं दूध घेऊन त्यात खडा टाकून बसले. दुधाला निळी झाक होती, यात शंका नाही. शंका दुसरीच होती. ही झाक हिऱ्याची की नागूच्या विहिरीची? नक्की करायला दुसऱ्याचं दूध आणून शेजारी ठेवायला हवं होतं. पण कारखान्याचा भोंगा झाला. वाटीवर बशी झाकून, ती फडताळात मागे सरकवून, आणि कोणाला सांगितलं तर फुटेल म्हणून घरात कोणालाही न सांगता घारे कामावर गेले.

संध्याकाळी वाटी घासून पालथी घातलेली होती.

"त्यातलं दूध?" घाऱ्यांनी विचारलं.

"विरजलं की. उन्हाळ्यात दूध तसंच ठेवतात व्हय? चांगलं दही लागलंय."

घाऱ्यांनी दह्याचं भांडं ओढलं आणि त्यात मनगटापर्यंत हात घातला. दही निम्मंच होतं, आणि त्या निम्म्यात काही नव्हतं.

"बाकीचं?"

"गौराबायनं नेलंन कढीला."

गौराबाई म्हणजे शेजारीण. तिच्या हातची कढी आळीत प्रसिद्ध होती, आणि तिचा स्वभावही. घारे तसेच तिच्या दारात गेले. तिचा नवरा नामा पानावर बसला होता आणि कढीभाताचा घास तोंडात घालत होता. त्या घासाकडे घारे अशा नजरेनं बघू लागले, की नामाला तो गिळवेना.

"या भावजी, बसा. कढी वाढू?"

"वाढा," घारे म्हणाले. "तळाची वाढा. मला तळाची आवडते."

घाऱ्यांनी त्या दिवशी कढीचा प्रत्येक घोट जिभेनं चाळून प्यायला. वाटीमागून वाटी रिकामी होत होती आणि गौराबाई कौतुकानं वाढत होती. आपल्या कढीसाठी परका माणूस असा जीव टाकतोय, हे बघून तिचे डोळे भरून यायचेच बाकी होते. एवढ्यात घाऱ्यांच्या दाढेखाली कट्ट झालं. ते थांबले. त्यांनी तोंडात बोटं घालून काहीतरी काढलं, रुमालात गुंडाळलं आणि सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाले,

"खडा."

हा शब्द खरा होता, पण जागा चुकली.

"खडा?" गौराबाईचा कढीचा डाव हवेतच राहिला. "माझ्या कढीत खडा?"

"तसं नव्हे..."

"एवढं वय झालं माझं, पन माझ्या जेवनात कधी खडा गावलेला कुनी सांगावा! आनि तुमी तो रुमालात बांधून नेताव? कुनाला दाखवाया नेताव?"

हिरा आहे असं सांगावं तर गुपित फुटतं, खडा म्हणावं तर शेजार तुटतो. घारे उठले आणि हात न धुता घरी आले. शेजार तुटला. पुढे हिराबाईंनी जाऊन सगळं खरं सांगितलं तेव्हा तो पुन्हा जुळला, पण मग घाऱ्यांनी कढीत हिरा बुडवला ही बातमी आळीभर झाली आणि लोक येता-जाता विचारू लागले, "काय घारेसाहेब, आज कढी का सार?"

पण घाऱ्यांना त्याचं दुःख करायला वेळ नव्हता. घरी येताच त्यांनी खडा साबणानं धुतला, कारखान्यातलं भिंग डोळ्याला लावलं, आणि खडा आडवा धरून हलवला. खड्याच्या पोटात भगवी झाक मारत होती.

"हळद!" ते ओरडले. "अगं, चिरीतून कढी आत शिरली! लांबी सुटली!"

"हळदीचा डाग ना? उन्हात ठेवा, जाईल," हिराबाई म्हणाल्या. त्यांना कढीच्या डागांचा अनुभव होता.

दुसऱ्या दिवशी घाऱ्यांनी खडा बशीत घालून उन्हात ठेवला आणि कावळा नेऊ नये म्हणून शेजारी स्वतः छत्री घेऊन बसले. मान भाजून निघाल्यावर त्यांनी पुन्हा भिंग लावलं. भगवी झाक गेली होती. तिच्या जागी निळी आली होती.

"अगं, ही बशी कशात धुतलीस? कपड्यांना नीळ घातलीस त्या पाण्यात?"

हिराबाई आत गेल्या आणि भांडी जरा जास्त जोरात लावू लागल्या.

घारे कर्जतला गेले ते अपराधी मनानं आणि तरीही चढ्या आवाजात. दोन्ही एकदम करणं फार कठीण असतं. झहीरनं सगळं ऐकून घेतलं, घड्याळ दुरुस्तीचं भिंग डोळ्यात बसवलं, खडा फिरवला आणि हसू लागला.

"घारेसाहेब, हळद नाय नि नीळ पण नाय. भरलेल्या हिऱ्याची खूणच ती हाय. आडवा धरून हलवला का आधी भगवी झाक मारतो, मग निळी. मला अलीनं दाखवलं तेव्हा मी पण घाबरलो. तुम्ही तर आपलं आपणच शोधून काढलंत! चीर हाय, भरलेली हाय, पक्कं झालं."

म्हणजे एवढी कढी पिऊन घाऱ्यांनी जे शोधून काढलं होतं, ते झहीरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. अपमान कोणी केला नव्हता, तरी घाऱ्यांना तो झाल्यासारखा वाटला.

"मग हे लिहून द्या," ते म्हणाले. "स्टँपपेपरवर. खालापूरला."

त्यांना वाटलं, आता हा कचरेल. झहीरनं दुकानाची फळी लावली. "चला."

खालापूरला तहसील कचेरीबाहेर चिंचेखाली कागद लिहिणारे बसत. त्यातल्या एका चष्मेवाल्या गृहस्थानं स्टँपपेपर पुढे ओढला आणि मान वर न करता विचारलं, "गट नंबर?"

"जमीन नाही. हिरा आहे," घारे म्हणाले.

"चतुःसीमा?"

"हिऱ्याच्या?"

"पूर्वेस काय, पश्चिमेस काय, ते लिहावं लागतं. त्याशिवाय मिळकत ओळखायची कशी?" गृहस्थांनी पुडी उघडून पाहिली. त्यांनाही प्रश्न पडला. "असं करू, चहूबाजूंस खरेदीदाराचा खिसा, असं लिहू." मग ते नेहमीच्या वेगानं लिहीत सुटले आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचू लागले. "सदरहू मिळकत आतील जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह..."

"यात तरू, तृण कुठून आलं?"

"ते सगळ्यात येतं. तुमचा हिरा पाषाणात बसेल." आणि ते पुढे वाचू लागले. "सदरहू मिळकत निर्वेध, निजोखमी व सर्व दोषांपासून मुक्त आहे. करा सही."

झहीरनं पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. "दोषांपासून मुक्त नाय. याच्यात चीर हाय. त्याच्यासाठीच तर आलो आमी."

"ते वाक्य काढता येत नाही. खरेदीखतात ते असतंच. आजवर तालुक्यात कोणी काढा म्हणालं नाही. जमिनी काय सगळ्या निर्दोष असतात?"

"मग मी सही नाय करणार. खोटं कसं लिहून देऊ?"

घारे एवढा वेळ ज्याची वाट बघत होते, ते झालं. "बघा!" ते चष्मेवाल्याला म्हणाले. "सही करत नाही! मी आधीच ओळखलं होतं." आणि त्यांनी पुडी झहीरच्या हातात कोंबली. "घ्या तुमचा हिरा. मला व्यवहार करायचा नाही."

"बरं," झहीर म्हणाला. त्यानं पुडी खिशात टाकली, "वैनींना सलाम सांगा," म्हणाला आणि समोर लागलेल्या टेंपोत चढून गेला.

घारे एस.टी.त विजयी वीरासारखे बसले. हा आनंद पहिल्या थांब्यापर्यंत टिकला. थांब्याच्या पुढे मात्र त्यांच्या डोक्यात एक प्रश्न शिरला. नुसतं 'बरं'? ना विनवणी, ना भाव कमी करतो म्हणून मागे लागणं? ज्याला वस्तू खपवायची असते तो इतक्या सहज परत घेत नाही. याचा अर्थ उघड होता. झहीरला दुसरं गिऱ्हाईक मिळालं होतं! आणि दुसरं गिऱ्हाईक या वस्तूवर टपून आहे, याचा अर्थ वस्तू तशीच मोलाची असणार. खोपोली येईस्तोवर घाऱ्यांची खात्री पटली, की आपल्याला पद्धतशीरपणे डावललं जात आहे.

घरी हिराबाईंनी फक्त विचारलं, "दिलात परत?" आणि डब्यातून जुनी खड्याची चमकी काढून ती चिंचेच्या पाण्यात घासायला घेतली. त्या भांडल्या असत्या तर घाऱ्यांनी वाद घातला असता. पण चिंचेच्या पाण्याशी वाद कसा घालणार?

सकाळी झहीरनं दुकानाची फळी काढली तेव्हा घारे पायरीवर बसलेले होते.

"हिरा कोणाला दिलात?"

"कोणाला देणार? ड्रॉवरमधे हाय."

"मला द्या," घारे म्हणाले. "आत्ता. कागद नको."

अशा रीतीनं मोरेश्वर घाऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा भेग माहीत असलेली वस्तू स्वतःच्या पैशानं विकत घेतली, आणि तीही निव्वळ संशयापोटी. सोनाराकडे ते शेगडीपाशी ठाण मांडून बसले. सोन्याचं घर आधी पुरतं बनवून, थंड करून, मगच त्यात खडा बसवून घेतला. सोनार दुसऱ्याच कामासाठी फुंकणीला हात लावायला गेला, तरी घारे खडा मुठीत धरून रस्त्यावर जाऊन उभे राहत.

लग्नाच्या दिवशी हिराबाई मांडवात आल्या आणि बायकांच्या घोळक्यातल्या सगळ्या नजरा त्यांच्या नाकावर गेल्या. हिराबाई फक्त नेहमीपेक्षा जरा जास्त वेळा मान वळवत होत्या. घारे खांबाआडून बघत होते. बायको इतकी हसताना त्यांना आठवत नव्हती, आणि या आठवत नसण्यात कुठेतरी आपलीच चूक असावी अशी त्यांना एक शंका आली. ती त्यांनी तपासून पाहिली नाही.

तेवढ्यात व्याही नामदेवराव ठोंबरे यांनी त्यांचा दंड धरून त्यांना मांडवाच्या कडेला नेलं.

"घारेसाहेब, पोराला स्कूटर जमणार नाय म्हणालात. आमी गप बसलो. बोललो काय? नाय. पण विहीणबायच्या नाकात एवढा हिरा! म्हंजे होतं, पण आमच्यासाठी नव्हतं."

"अहो, तो तसला नाही! त्याच्यात चीर आहे. लांबी भरलेला आहे तो!"

"हिऱ्यात लांबी?" नामदेवराव कडवट हसले. "आमी काय येडे हाव?"

"देवाशपथ सांगतो. थांबा, विकणारालाच आणतो." झहीर बायकोला, हलिमाला, घेऊन लग्नाला आला होता. घाऱ्यांनी त्याला हाताला धरून आणलं. "सांगा यांना. चीर आहे की नाही?"

"हाय की," झहीर म्हणाला. "पोटात चीर हाय, भरलेली हाय. मी आधीच सांगितलं होतं."

नामदेवरावांनी झहीरला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग घाऱ्यांना. "विकणारा आपल्या तोंडानं सांगतो, माल फुटका हाय? असं कुठं असतं काय? दोघांनी मिळून ठरवून सांगताव तुमी."

नामदेवरावांच्या बारीक केलेल्या डोळ्यांत घाऱ्यांना सगळं ओळखीचं दिसलं. खरं बोलूनही समोरच्याला पटत नाही म्हणजे काय होतं, ते त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी झहीरकडे बघितलं. झहीर शांतपणे पानाला चुना लावत होता. त्याला सवय झाली होती.

आवाज ऐकून नामदेवरावांची बायको येसूबाई आणि हिराबाई दोघी आल्या. हिराबाईंनी काय चाललंय ते ऐकलं आणि सरळ फिरकी काढून चमकी येसूबाईंच्या तळहातावर ठेवली.

"चीर हाय विहीणबाय. मला ठाव हाय, यांना ठाव हाय, आता तुमाला पण ठाव झाली. घरात होतं तेवढं पोरीवर घातलं, मंग उरलं त्यात हा आला. चांगला दिसतो का नाय तेवढं सांगा."

येसूबाईंनी चमकी उजेडात धरली, डोळ्याजवळ नेली, लांब नेली.

"चीर काय दिसत नाय बाय मला," त्या म्हणाल्या. घाऱ्यांचा जीव अर्धा झाला. मग येसूबाईंनी स्वतःच्या हातानं चमकी हिराबाईंच्या नाकात घातली, दोन पावलं मागे सरून बघितलं आणि झहीरकडे वळल्या. "भाऊ, असा चिरीचा आनखी एक मिळंल काय?"

"मिळंल," झहीर म्हणाला. "पण आधीच सांगतो, त्याच्यात दोन चिरा हायत."

"आसू देत. नाकात कोन डोकं घालून बघतंय!" असं म्हणून येसूबाईंनी हिराबाईंचा हात धरला आणि दोघी अंतरपाटाकडे गेल्या. स्कूटरचा विषय तिथेच मांडवाच्या कडेला राहिला.

नामदेवराव मात्र हलले नाहीत. बायको हट्टाला पेटली की काय होतं, याची त्यांना कल्पना असावी. त्यांनी झहीर लांब जाईपर्यंत वाट पाहिली, मग घाऱ्यांच्या खांद्यावर हात टाकून आवाज खाली आणला.

"व्याही, आता आपण घरचे. खरं सांगा. ह्या माणसावर इश्वास ठेवायचा का?"

घाऱ्यांनी इकडे तिकडे बघितलं. मग तेही नामदेवरावांच्या कानाशी लागले.

"माणूस अगदी खरं बोलतो," ते कुजबुजले. "सांभाळून राहा."